लिफ्ट केलेली जिप्सी ६० च्या वर सरळ चालत नाही: बॉक्स, किंगपिन की कॅस्टर?

काळीमाती_चिमूर
नमस्कार मंडळी. मी चिमूरकडचा कास्तकार. वावरात जायची पांदण पावसाळ्यात ट्रॅक्टरशिवाय कोणाले जाऊ देत नाही, म्हणून सेकंडहँड जिप्सी घेतली, १.३ लिटर इंजिनवाली. आधीच्या मालकानं लिफ्ट करून ठेवली होती. पुढं-मागं लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीले जोडणारी हलती कडी), मागच्या पाट्यांत (लीफ स्प्रिंगमधे) एकेक पाटा जास्तीचा, अन् २३५/७५ आर १५ चे मड टायर. पांदणीत या गाडीले तोड नाही.

डांबरीवर मात्र जीव मुठीत धरून बसतो. ५०-५५ पर्यंत ठीक. ६० च्या वर गेली का कधी डावीकडं सरकते, कधी उजवीकडं. स्टीअरिंग सारखं दुरुस्त करत राहावं लागते. वळण संपलं तरी ते आपोआप सरळ होत नाही, हातानं आणावं लागते. वरोरा रस्त्यावर समोरून कोळशाचा ट्रक गेला का हवेच्या झोतानं गाडी हातभर बाजूला जाते. घरचे सोबत असले तर मी ४० च्या वर जातच नाही.

एका मेकॅनिकनं स्टीअरिंग बॉक्सचा वरचा स्क्रू आवळून दिला. प्ले, म्हणजे स्टीअरिंगची मोकळी हालचाल, कमी झाला, पण भटकणं वाढलं. अलाइनमेंटवाला म्हणते टो (पुढची चाकं आत-बाहेर किती पाहतात ते माप) बरोबर आहे. आता जो तो म्हणून राहिला का बॉक्सच बदल. एवढा खर्च करायच्या आधी तुमाले विचारतो.

लेथवाला_वणी
भाऊ, बॉक्सला आत्ता हात लावू नका.

आधी आजार कोणता ते ठरवू. लोक चार वेगळ्या गोष्टींना एकच नाव देतात. गाडी नेहमी एकाच बाजूला ओढत असेल तर ब्रेक चिकटणं, एका टायरची हवा किंवा सरकलेला अ‍ॅक्सल पाहायचा. खड्ड्यावर आदळल्यावर चाकं थडथडून स्टीअरिंग हातातून सुटत असेल तर कुठेतरी जोड सैल आहे. गतिरोधकावर स्टीअरिंग स्वतःहून फिरत असेल तर ड्रॅग लिंक, म्हणजे बॉक्सकडून चाकाकडं जाणारा दांडा, तिरका झालाय. आणि दोन्ही बाजूंना भटकते, वळणानंतर परत येत नाही, ही चौथी गोष्ट. तुमची चौथी दिसते, पण खात्री हवी.

एवढं सांगा: पाटे अ‍ॅक्सलच्या खाली आहेत की वर? पुढचे शॅकल मूळच्यापेक्षा किती लांब? टायरमध्ये हवा किती? गाडी बाजूने पाहिली तर मागून उचललेली दिसते का?

संत्राबाग_वरुड
माझ्या मित्राच्या गाडीला असंच होत होतं. हेवी ड्यूटी स्टीअरिंग डॅम्पर टाकला, गाडी एकदम शांत. एका तासाचं काम आहे.

मोहर्लीची_वाट
दादा, डॅम्परनं थरथर दबते, भटकणं जात नाही. डॅम्पर म्हणजे धक्का सोसणारा दांडा, तो चाकाला सरळ कुठं आहे ते सांगत नाही. उलट कडक डॅम्परमुळं स्टीअरिंग परत यायला आणखी आळस करते. मित्राच्या गाडीत बहुतेक थडथड होती, आणि त्याचं मूळ कारण अजून आत बसलेलं असेल. त्यांना एकदा किंगपिन, म्हणजे चाक ज्यावर डावी-उजवी वळते तो खुंटा, तपासून घ्यायला सांगा, खरंच.

सफारीच्या जिप्स्यांची कामं आमच्याकडं येतात. धूळ, नाल्याचं पाणी, परत धूळ. किंगपिनचे बेअरिंग आणि टायरॉड एंड (दोन्ही पुढची चाकं जोडणाऱ्या दांड्याची टोकं) यातच सगळ्यात आधी जातात.

काळीमाती_चिमूर
लेथवाले भाऊ, पाहून आलो. पाटे अ‍ॅक्सलच्या खालीच आहेत, कंपनीचे होते तसेच. पुढचा शॅकल दुसऱ्या जिप्सीसोबत ठेवून मोजला, जवळपास ५० मिमी जास्त भरला. हवा ३५ पीएसआय. अन् हो, गाडी मागून उचललेली आहे, दाराखालची कड पुढं झुकलेली साफ दिसते.

लेथवाला_वणी
मग नव्वद टक्के उत्तर तुमच्याच मोजमापात आहे. जरा सविस्तर लिहितो, कारण लिफ्ट करणाऱ्या प्रत्येकानं हे आधी समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

सायकलचा पुढचा फोर्क बाजूने पाहा. तो उभा सरळ नसतो, वरचं टोक चालवणाऱ्याकडं झुकलेलं असतं. म्हणून हात सोडले तरी सायकल सरळ जाते. जिप्सीत फोर्कच्या जागी किंगपिनची रेषा आहे. तिचं वरचं टोक मागं झुकलेलं असतं, त्या झुकण्याला कॅस्टर म्हणतात. मूळ जिप्सीत तो साडेतीन अंशांच्या आसपास असतो. यामुळेच चाक वळणानंतर स्वतःहून सरळ होतं आणि वाऱ्याच्या झोताला दाद देत नाही.

आता तुमचा शॅकल. जिप्सीच्या पुढच्या पाट्याचं मागचं टोक चासीला पक्कं असतं आणि शॅकल पुढच्या टोकाला. शॅकल ५० मिमी लांब केला की पाट्याचं पुढचं टोक ५० मिमी खाली गेलं, मागचं तिथंच राहिलं. पाट्याची लांबी मीटरभर धरली तर पाटा सुमारे ३ अंशांनी नाक खाली करून बसला. अ‍ॅक्सल पाट्याला बांधलेला, म्हणून तोही ३ अंश पुढं फिरला. साडेतीनमधून तीन गेले. आणि एवढं करून उंची मिळाली किती? अ‍ॅक्सल पाट्याच्या मधोमध असल्यामुळं फक्त निम्मी, म्हणजे २५ मिमी.

त्यात गाडी मागून उचललेली. मागचा भाग पुढच्यापेक्षा ५० मिमी जास्त वर असेल तर २३७५ मिमीच्या व्हीलबेसवर आणखी सव्वा अंश जातो. बेरीज करा. कॅस्टर शून्य, कदाचित उणे. अशी गाडी कोणत्याही बॉक्सनं सरळ चालणार नाही.

अलाइनमेंटवाल्याचं चूक नाही. अखंड अ‍ॅक्सलच्या गाडीत कॅस्टर बदलायला बोल्टच नसतो, तो टो करून मोकळा होतो.

गावरान_फोरबायफोर
कॅस्टर मान्य. पण सैल जोड आधी पाहिल्याशिवाय कॅस्टर परत आणायची पच्चर (पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये बसवायची, एका बाजूला जाड पट्टी) लावायला जाऊ नये, या मताचा मी आहे. झिजलेल्या गाडीत कॅस्टर वाढवला तर भटकणं जाईल आणि थडथड सुरू होईल. एक माणूस सोबत घ्या आणि अर्धा दिवस काढा.

गाडी जमिनीवर, चाकांवर वजन असताना, सोबतच्या माणसाला स्टीअरिंग थोडं थोडं डावी-उजवी हलवायला सांगा. तुम्ही खाली झोपून बॉक्सपासून सुरुवात करा. स्टीअरिंगच्या दांड्याचा रबरी जोड, पिटमन आर्म (बॉक्समधून निघून ड्रॅग लिंक ढकलणारा हात), ड्रॅग लिंकची दोन्ही टोकं, टायरॉडची दोन्ही टोकं. प्रत्येक जोडावर बोटं ठेवा. डोळ्याला दिसत नाही ते बोटाला कळतं. एक भाग हलतो आणि पुढचा उशिरा हलतो, तिथं प्ले आहे. बॉक्स ज्या जागी चासीला बसतो तिथं घासून स्वच्छ करून तडा पाहा. मोठ्या टायरांनी ती जागा तडकते.

मोहर्लीची_वाट
यात किंगपिनची तपासणी जोडते. पुढचं एक चाक जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा. नुसत्या जॅकवर कोणी खाली शिरू नका, हात जोडून सांगते. चाक वर आणि खाली पकडून हलवा. खडखड वाटली तर सोबतच्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खडखड गेली तर व्हील बेअरिंग सैल. तरीही राहिली तर किंगपिन. डावी-उजवी पकडून हलवल्यावर खडखड आली तर टायरॉड एंड पाहायचा.

एक उलटी गोष्टही असते. किंगपिन खूप आवळलेले किंवा कोरडे पडलेले असले तर चाक जडपणं फिरते आणि स्टीअरिंग परत येत नाही. लोक सैलपणाच शोधत बसतात, घट्टपणा कोणी शोधत नाही. टायरॉड सोडून नकल (चाकासोबत वळणारा भाग) हातानं फिरवून पाहिला की लगेच कळते. अटकत अटकत फिरला तर बेअरिंगला खड्डे पडलेत.

लेथवाला_वणी
ताईंचा मुद्दा बॉक्सलाही लागू आहे. तो वरचा स्क्रू आवळला की बॉक्सचे दात मधोमध घट्ट होतात. मग स्टीअरिंग मधल्या जागी चिकटतं. तुम्ही थोडं डावीकडं दिलं की तिथंच राहतं, मग उजवीकडं द्यावं लागतं. बॉक्समधला प्ले कमी झाला आणि भटकणं वाढलं, ते यामुळंच. पुढची चाकं उचलून स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. मधोमध जड लागलं तर स्क्रू थोडा मागं घ्या.

पऱ्हाटी
अलाइनमेंटचं मशीन नसलं तरी गावात बसून बरंच मोजता येतं. आमच्या घरी गवंडीकाम, म्हणून हीच हत्यारं हाताशी आहेत.

सिमेंटच्या सपाट ओट्यावर गाडी उभी करा, पाणसळ लावून ओटा खरंच सपाट आहे का पाहा. चारही चाकांच्या मध्यातून ओळंबा सोडून जमिनीवर खडूनं खुणा करा. डाव्या बाजूचं पुढच्या-मागच्या चाकातलं अंतर आणि उजव्या बाजूचं अंतर सारखं आलं पाहिजे. फरक आला तर एखादा अ‍ॅक्सल पाट्यावर सरकलेला आहे. पाटे मधोमध बांधणारा सेंटर बोल्ट तुटला किंवा पाटा अ‍ॅक्सलला आवळणारे यू-बोल्ट सैल झाले की असं होतं, आणि मागचा अ‍ॅक्सल तिरका असेल तर पुढं काहीही करा, गाडी तिरपीच पळणार.

टोसाठी दोन्ही पुढच्या टायरांच्या मधोमध खडूनं रेघ ओढा. अ‍ॅक्सलच्या उंचीवर पुढून टेप लावा, मग गाडी ढकलून त्याच रेघा मागं आणा आणि परत मोजा. पुढचं माप २ ते ६ मिमी कमी यायला हवं. पुढचं माप जास्त आलं तर चाकं बाहेर पाहतात, तेही भटकण्याचं कारण.

हवा ३५ मला जास्त वाटते. जिप्सी टनभर वजनाची, टायर रुंद आणि जाड. टायरवर आडवी खडूची रेघ मारून सरळ रस्त्यावर थोडं चालवा. फक्त मधला खडू पुसला तर हवा कमी करा, पूर्ण रुंदीवर सारखा पुसेपर्यंत. आणि रिमच्या आतल्या बाजूला सुकलेली काळी माती खरवडून काढा. किलोभर माती एका चाकात चिकटलेली असते आणि लोक बॅलन्सिंगला पैसे देत फिरतात.

थारवाला_परतवाडा
माझी २०१० नंतरची जुनी थार आहे, सीआरडीई इंजिनवाली, चिखलदऱ्याच्या घाटात तिचंही असंच होते. मलाही पच्चर चालेल का?

लेथवाला_वणी
नाही दादा. तुमच्या थारला पुढं अखंड अ‍ॅक्सल आणि पाटे नाहीत, स्वतंत्र सस्पेन्शन आणि टॉर्शन बार आहेत. टॉर्शन बार पिळून उंची वाढवली असेल तर बॉल जॉइंट आणि टायरॉडचे कोन बिघडतात. वेगळा धागा काढा, तिथं बोलू.

काळीमाती_चिमूर
मंडळी, सगळं तपासलं. भाच्याले सोबत घेतलं, तो आयटीआय करून राहिला.

टायरॉडचा डावा एंड सैल निघाला, तो बदलला. किंगपिनमधे खडखड नाही, नकल मोकळे फिरतात, ग्रीस भरून घेतलं. बॉक्स मधोमध जड होता, स्क्रू मागं घेतल्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखा फिरून राहिला. जुने शॅकल बुश फाटलेले होते, चारही बाजूचे नवे टाकले.

ओळंब्यानं मोजलं तर उजवी बाजू डाव्यापेक्षा १२ मिमी कमी. मागचा उजवा सेंटर बोल्ट तुटलेला निघाला, जास्तीचा पाटा टाकताना जुनाच बोल्ट ठेवला होता असं दिसते. पाटा खोलून नवा, लांब बोल्ट टाकला. आता दोन्ही बाजू सारख्या.

टो ३ मिमी आत. खडूनं पाहून हवा २६ वर आणली. किंगपिनच्या वरच्या झाकणावर मोबाइलचं कोन मोजायचं अ‍ॅप ठेवलं, दोन्हीकडं अर्ध्या अंशाच्या आत आलं. म्हणजे कॅस्टर नाहीच.

एवढ्यानं गाडी बरीच सुधारली, एका बाजूले जाणं बंद झालं. पण ६० नंतरचं भटकणं अन् स्टीअरिंग परत न येणं तसंच आहे. आता पच्चर लावू का? किती अंशाची, अन् जाड बाजू कुठं?

लेथवाला_वणी
तुमच्या मापाला ४ अंशांची पच्चर बरोबर बसते, म्हणजे मूळ जागेच्या जवळ याल. दोन्ही बाजूंना एकाच मापाची.

तुमचे पाटे अ‍ॅक्सलच्या खाली, म्हणजे पच्चर पाट्याच्या वर आणि अ‍ॅक्सलच्या खाली. जाड बाजू पुढं. तिनं अ‍ॅक्सलची पुढची कड उचलली की किंगपिनचं वरचं टोक मागं जातं. ज्यांनी पाटे अ‍ॅक्सलच्या वर घेतलेत त्यांच्यासाठी हेच उलट, जाड बाजू मागं. धागा वाचून कोणी घाई करू नका, आधी आपला पाटा कुठं आहे ते पाहा. उलटी लावली तर कॅस्टर आणखी ४ अंश जाईल आणि गाडी जीवघेणी होईल.

पच्चर लोखंडाची घ्या. अ‍ॅल्युमिनियमची दाबानं चेपते, मग यू-बोल्ट सैल. मधलं भोक सेंटर बोल्टच्या डोक्याला नीट बसणारं हवं, सेंटर बोल्ट पच्चरीच्या जाडीइतका जास्त लांब हवा. यू-बोल्ट नवे टाका. एकदा ताणलेले यू-बोल्ट परत तेवढी पकड देत नाहीत.

गावरान_फोरबायफोर
माझं मत वेगळं आहे. पुढचे शॅकल मूळ लांबीचे लावा आणि विषय संपवा. २५ मिमी उंची जाईल, ती २३५ च्या टायरनं आधीच मिळालेली आहे. कॅस्टर फुकटात परत येतो. पांदणीत तुमचा घात करते ती अ‍ॅक्सलच्या पोटाखालची जागा, आणि ती शॅकलनं एक मिमीही वाढत नाही. ती फक्त टायरनं वाढते.

पच्चरीचा दुसरा तोटा कोणी सांगितला नाही. अ‍ॅक्सल मागं फिरला की डिफरन्शियलचं नाक खाली जातं आणि पुढच्या प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो. पुढचे हब मोकळे (चाकं शाफ्टपासून सोडलेली) असताना टू-व्हीलमध्ये तो शाफ्ट फिरत नाही, म्हणून कळत नाही. फोर-व्हीलमध्ये टाकून थोडा वेग घेतला की खालून गुरगुर येते आणि युनिव्हर्सल जोड लवकर जातात.

लेथवाला_वणी
हे बरोबर आहे, आणि तुमचा उपाय माझ्यापेक्षा स्वच्छ आहे. फक्त २३५ चा टायर पूर्ण वळवल्यावर आणि पाटा पूर्ण दबल्यावर मडगार्डला लागतो का ते पाहावं लागेल. लागत असेल तर शॅकल आणि पच्चर यांच्यात मधला मार्ग काढावा लागेल.

मोहर्लीची_वाट
मी गावरान दादांच्या बाजूनं. सफारीच्या गाड्या वर्षानुवर्षं मूळ शॅकलवर जंगलात चालतात. आणि एक महत्त्वाचं: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली गाडीत असे बदल चालत नाहीत. अपघात झाला तर विमा कंपनी आधी तेच पाहील. घरची माणसं बसतात त्या गाडीत, म्हणून सांगते.

काळीमाती_चिमूर
ताई, तुमचं शेवटचं वाक्य घरी वाचून दाखवलं. घरून एकच उत्तर आलं, मूळ शॅकल.

पुढचे मूळ शॅकल भंगारातून चांगल्या हालतीतले मिळाले, बुश नवेच होते. मागचा जास्तीचा पाटा पण काढला, म्हणजे गाडी आता समपातळीत बसते. अ‍ॅप परत ठेवलं, दोन्हीकडं साडेतीनच्या जवळ. टो थोडा बदलला होता, परत ३ वर आणला. टायर पूर्ण वळवला तर आतल्या बाजूले पाट्याले जरासा घासत होता, स्टॉपरचा बोल्ट थोडा बाहेर घेतला.

काल भिसीवरून उमरेडपर्यंत गेलो. ७० वर गाडी सरळ. वळण संपलं का स्टीअरिंग स्वतःच हातात परत येते. कोळशाचे ट्रक गेले, गाडी जागची हलली नाही. घरचे सोबत होते. तुमा सगळ्यांचे लय उपकार.

एक विचारायचं राहिलं. मोठ्या गतिरोधकावर स्टीअरिंग अजून बोटभर उजवीकडं फिरते, मग परत येते. गावातला वेल्डर म्हणते का ड्रॅग लिंक गरम करून वाकवून देतो.

लेथवाला_वणी
अजिबात नाही. स्टीअरिंगचा कोणताही दांडा तापवायचा, वाकवायचा किंवा वेल्ड करायचा नाही. तापवल्यावर लोखंडाची ताकद जाते आणि तो तुटतो तेव्हा चाकावर तुमचा काहीच ताबा राहत नाही.

आता पुढची उंची मूळची झाली आहे, म्हणजे ड्रॅग लिंकही मूळ कोनाजवळ आला असणार. बोटभर फिरणं हे पाट्यांच्या जुन्या जिप्सीत थोडंफार असतंच. ते वाढलं तर ड्रॅग लिंकचे एंड आणि पुढच्या पाट्याच्या मागच्या टोकाचा बुश पाहा. शॅकलचे बुश बदललेत, तो बदलल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही.

काळीमाती_चिमूर
नाही बदलला. उद्याच पाहतो.

पऱ्हाटी
आणि पाटे खोलले होते, तेव्हा थोडं चालवल्यावर यू-बोल्ट परत एकदा आवळा. गाडी जमिनीवर उभी, चाकांवर पूर्ण वजन, आणि चारही नट आडवे-तिडवे, थोडे थोडे करून. शॅकलचे बोल्टसुद्धा वजनावरच आवळायचे, हवेत आवळले तर नवे बुश पिळून फाटतात.